उशिरा आलेल्याचीही जागा

आयुष्य सरत आल्यावर देवाकडे वळणाऱ्याकडे आपण संशयानेच पाहतो. हातपाय चालत होते तेव्हा मौज केली आणि आता जपमाळ घेतली, असे म्हणून मोकळे होतो. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया (निधन १३२५) यांना हा हिशेब मान्य नव्हता. फारसी कवी अमीर हसन सिजझी पन्नाशी उलटल्यावर त्यांचा शिष्य झाला. परंपरा सांगते की तोवर तो मद्याच्या मैफलींत रमलेला होता. १३०८ पासून त्याने गुरूंची संभाषणे टिपून ठेवली. तोच ‘फवायद-उल-फुआद’ हा ग्रंथ. त्याच्या आरंभीच विषय निघतो तो पश्चात्तापाचा: कधीच न चुकलेला आणि चुकून परतलेला, दोघे सारखेच. परतलेल्याने पापाची गोडी चाखून ती सोडलेली असते, हा त्यामागचा युक्तिवाद मला पटतो.

मग आयुष्यभर सरळ वागणाऱ्याने काय मिळवले? आक्षेप रास्त आहे. पण क्षमा म्हणजे बक्षीस वाटणे नव्हे, एकाला मिळाली म्हणून दुसऱ्याचे काही कमी होत नाही. याहून अवघड प्रश्न ज्याचे नुकसान झाले त्याचा. तिथे निजामुद्दीन सवलत देत नाहीत. कुणाचे पैसे बुडवले असतील, तर नुसती तौबा पुरत नाही, ते परत करावे लागतात. दुखावलेल्याची माफी मागावी लागते. म्हणूनच उशीर महाग पडतो: देव थांबेल, पण ज्याचे देणे आहे तो माणूस तोवर हयात असेलच असे नाही.

हा हसन पुढे दिल्लीहून दौलताबादला आला. त्याची कबर आपल्या खुलताबादेत आहे.