डिजिटल स्क्रॅपबुक : सावली, स्तर आणि मापे

स्वरूप
• छायाचित्रे, नक्षीदार कागद, फिती, गुंड्या व हस्ताक्षरातील टिपणे संगणकाच्या पडद्यावर एकावर एक मांडून, ती जणू हातांनीच चिकटवली असावीत असा भास उत्पन्न करणारे स्मरणपृष्ठ, म्हणजे डिजिटल स्क्रॅपबुकचे पान.
• रूढ आकार १२ × १२ इंच. छपाईसाठी दर इंची ३०० पिक्सेल या हिशेबाने ३६०० × ३६०० पिक्सेल.
• अशी पाने रचण्यासाठी वापरले जाणारे प्रतिमा-संपादनाचे सॉफ्टवेअर फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. ज्यांच्यावर या कलेची सारी मदार, ते लेयर अर्थात स्तर त्यात १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत दाखल झाले.

सावली
• प्रकाशाची दिशा संपूर्ण पानावर एकच. तो वरच्या डाव्या बाजूने येत असेल, तर प्रत्येक सावली खाली उजवीकडेच पडते.
• कागदाला सपाट चिकटलेल्या छायाचित्राची सावली अरुंद व रेखीव. उचललेल्या फितीची मात्र रुंद, दूर सरकलेली आणि कडेला विरत जाणारी.
• सावली स्वतंत्र स्तरावर घेऊन, ‘वॉर्प’ या साधनाने तिचा एकच कोपरा बाहेर ओढला असता, छायाचित्राचा तो कोपरा कागदावरून किंचित उचलला गेल्यासारखा दिसतो. खरे कसब येथेच.
• ‘मल्टिप्लाय’ ही मिश्रणपद्धती खालचा रंग गडद करते, पण पोत झाकत नाही. सावलीसाठी शुद्ध काळ्यापेक्षा गडद तपकिरी छटा अधिक नैसर्गिक.

भेद
• क्लिपिंग मास्क : मूळ छायाचित्र न कापता चौकटीच्या आकारात बसवतो.
• पीएनजी पारदर्शकता राखते. जेपीईजी राखत नाही.