ट्रेलर किती टनांचा, हा अर्धाच प्रश्न

राज्य सरकारने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि चाकांवरच्या घराची हौस आपल्याकडेही मूळ धरू लागली. तयार कॅरव्हॅन महाग पडते. म्हणून अनेकांना दुसरा मार्ग सुचतो: जुना ट्रेलर घ्यायचा, त्यावर पोर्टा केबिन चढवायची आणि मावळातल्या जागेवर नेऊन उभी करायची. तळवडे-चाकण पट्ट्यात या दोन्ही गोष्टी शोधायला फार हिंडावं लागत नाही.

सौद्यात पहिला प्रश्न येतो टनांचा, आणि त्याचं उत्तर दिलासा देणारंच असतं. केबिनसाठी वीस फुटी रिकामा कंटेनर घेतला, तर तो सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. प्लायवुड, ओटा, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी धरून घर पाचेक टनांत बसवता येतं. मोठ्या ट्रेलरच्या मागच्या तीन अ‍ॅक्सलना मिळून 2018 च्या अधिसूचनेनुसार 27 टनांची मुभा आहे. तेव्हा घराचं वजन ट्रेलरला जड नाही. त्याने आजवर काय वाहिलं, हे मात्र आरसीवर लिहिलेलं नसतं. त्या ओझ्याने धातू किती थकला, हा उरलेला अर्धा प्रश्न, आणि तो जुना आहे.

8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पेलण्याजोग्या ओझ्याखाली आस का मोडतात, या कोड्याचा पिच्छा पुरवला प्रशियातले रेल्वे अभियंते ऑगस्ट वोलर यांनी. धावत्या डब्यांचे आस किती वाकतात, हे त्यांनी 1858 पासून स्वतः बनवलेल्या उपकरणांनी मोजलं. मग कार्यशाळेत आस फिरवत-वाकवत ते तुटेपर्यंत चाचण्या घेतल्या. एका वेळच्या कमाल ताणापेक्षा तो ताण किती वर-खाली होतो आणि किती वेळा, यावर धातूचं आयुष्य ठरतं, हे त्यांनी 1870 पर्यंत पक्कं केलं. निकाल त्यांनी तक्त्यांत छापले. आलेख काढले ते पुढच्यांनी. इंजिनिअरिंगची मुलं तो आलेख ‘एस-एन कर्व्ह’ म्हणून शिकतात आणि वोलर यांचं नाव त्यात हरवतं, हे खटकतं.

वेल्ड केलेल्या सांध्यांसाठी ढोबळ नियम घनाचा आहे: ताणाची चढउतार दुप्पट झाली, तर आयुष्य एक अष्टमांश. पंचवीस टनांची पोलादी कॉइल वाहणाऱ्या ट्रेलरवर पाच टनांचं घर ठेवलं, की ट्रेलरचं स्वतःचं वजन न धरता प्रत्येक खड्ड्यागणिक होणारी झीज सुमारे सव्वाशेपट कमी! मात्र हा हिशेब सांध्यात आधीच चीर पडलेली नसेल तरच खरा.

चीर कुठे शोधायची? मुख्य बीम वाकते तेव्हा सर्वाधिक ताण वरच्या आणि खालच्या पट्टीत येतो, मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणून उभ्या पत्र्याच्या मधोमध पाडलेलं भोक एक वेळ चालेल, खालच्या पट्टीतलं नाही. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) ब्रॅकेट जिथे वेल्ड केले आहेत ती जागा आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडणाऱ्या किंगपिनजवळची मान बारकाईने पाहावी. रंगावर वेल्डच्या कडेने गंजाची बारीक रेघ उतरलेली दिसली, की तिथे डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करावी. रंग खरवडून लाल द्रव फवारतात, दहा-एक मिनिटांनी पुसून टाकतात, वर पांढरा डेव्हलपर मारतात. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटते. नुकताच रंगवलेला ट्रेलर असेल, तर ही चाचणी सौद्याआधीच मागावी.

उंची-रुंदीचं गणित वेगळं. कॉइल बुटकी असते, घर उंच. गुरुत्वमध्य जितका वर, तितका वळणावर उलटण्याचा धोका जास्त. म्हणून प्रवासात टाकी रिकामी ठेवणं बरं. दहा फूट रुंदीची केबिन 3.05 मीटर भरते, म्हणजे 2.6 मीटरच्या कायदेशीर मर्यादेबाहेर. शिवाय ट्रेलरच्या रचनेत बदल करायला आरटीओची परवानगी लागते.

चीर सापडलीच, तर नुसता वरून वेल्ड मारून घेऊ नये. ती मुळापर्यंत ग्राइंड करून काढावी, मग भरावी आणि त्याच जागी पुन्हा डीपी करून घ्यावी.