शोधचौकटीच्या मागे कोण बसते?

वाचनालयाच्या संकेतस्थळावर पुस्तकाचे नाव टाकण्यासाठी एक चौकट असते. दोन-चार अक्षरे टाकली की तिच्याखाली नावांची यादी लोंबू लागते. हवे ते नाव निवडायचे आणि पुढे जायचे. आपल्याला वाटते, ही चौकट पुस्तक शोधते. प्रत्यक्षात ती काहीच शोधत नाही. तिला चार कामे येतात: टंकलेली अक्षरे पाहणे, क्षणभर थांबणे, आतल्या कोणाला तरी विचारणे आणि आतून आलेली यादी टांगणे. देवघेवीच्या खिडकीवरचा मुलगा आपली चिठ्ठी घेऊन आत जातो, तसेच हे. आत ज्याच्या हाती ती चिठ्ठी पडते त्याला संगणकाच्या भाषेत ‘स्रोत’ म्हणतात. पुस्तक सापडते की नाही, हे तो ठरवतो.

हा लेख त्या आतल्या माणसाबद्दल आहे. विषय तांत्रिक वाटेल, पण तो ऱ्हस्व-दीर्घाचा, अनुस्वाराचा आणि वर्णमालेचा, म्हणजे आपलाच आहे.

अशा तयार चौकटी अनेक मिळतात. २०१० साली आलेल्या जेक्वेरी यूआयच्या १.८ आवृत्तीतली ‘ऑटोकम्प्लीट’ ही त्यांतली एक सर्वपरिचित. तिला स्रोत तीन प्रकारे देता येतो. पहिला प्रकार म्हणजे नावांची सरळ यादीच हाती देणे. मग जुळवाजुळव चौकट आपल्या पद्धतीने करते. दुसऱ्या प्रकारात सर्व्हरचा पत्ता द्यायचा. चौकट वाचकाने टंकलेले तिकडे पाठवते आणि येईल ते मुकाट्याने दाखवते. तिसरा प्रकार आपण स्वतः लिहिलेल्या फंक्शनचा. चौकट त्याला दोन गोष्टी देते, वाचकाचा शब्द आणि उत्तर परत करण्याची वाट. मधले सगळे आपल्यावर सोपवलेले. मराठी ग्रंथसंग्रहासाठी बहुतेक ठिकाणी पहिला प्रकार वापरतात, कारण तो पाच मिनिटांत होतो. तेथेच गाडे अडते.

मी ज्या वाचनालयाच्या तालिकेचे काम पाहतो ते तालुक्याच्या गावचे, ‘ब’ वर्गाचे आहे. दाखलनोंदवहीवरून सगळा संग्रह संगणकावर चढवला गेला, तो एका व्यावसायिकाकडून. चौकट बसली, यादी लोंबू लागली आणि सगळ्यांना बरे वाटले. पुढे निर्लेखनाची यादी करायची वेळ आली. कित्येक वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके तिच्यात येतात. ग्रंथपालबाई ती यादी घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “अहो, यातली कितीतरी पुस्तके लोक मागतात. मीच त्यांना ‘संगणकात दिसत नाही’ म्हणून परत पाठवते.” वाचक पुस्तक मागत होते आणि पुस्तक कपाटात होते. मधली चौकट दोघांची भेट होऊ देत नव्हती, आणि भेट झाली नाही म्हणून पुस्तक रद्दीच्या वाटेला लागले होते.

एकच उदाहरण जरा सावकाश पाहू. लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र १९३४ सालापासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्या काळच्या लेखनपद्धतीप्रमाणे त्याचे नाव ‘स्मृतिचित्रें’, शेवटी अनुस्वार. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखनविषयक नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, म्हणून पुढच्या काळात ते ‘स्मृतिचित्रे’ झाले. ‘स्मृती’ हा शब्द सुटा लिहिताना दीर्घ, पण समासात पहिले पद असताना ऱ्हस्व. हा नियम शाळेत शिकूनही पुष्कळ जण ‘स्मृतीचित्रे’ लिहितात. म्हणजे एका पुस्तकाची तीन रूपे झाली, आणि माणसाला तिन्ही एकच आहेत हे सांगावे लागत नाही. चौकटीला मात्र अक्षरांमागचे आकडे तेवढे दिसतात. ‘स्मृतिचित्रें’ आपण चार अक्षरी मानतो. युनिकोडमध्ये ते तेरा चिन्हांचे आहे, कारण व्यंजन, हलन्त, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकाला आपापला क्रमांक आहे. सहावे चिन्ह ऱ्हस्व वेलांटीचे आहे. वाचकाने तेथे दीर्घ टंकली की त्या ठिकाणी नाते तुटते आणि यादी रिकामी होते.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे नोंदी ‘दुरुस्त’ करणे, सगळे अनुस्वार काढून आजच्या नियमांप्रमाणे लिहिणे. आमच्याकडेही तो सुचवला गेला. मी त्याला विरोध केला आणि आजही करीन. मुखपृष्ठावर जे छापले आहे ते तालिकेत आले पाहिजे. तो अनुस्वार त्या आवृत्तीची खूण आहे. उद्या कोणी आवृत्त्यांचा अभ्यास करायला बसला तर त्याला ती हवी. शिवाय नोंद दुरुस्त केली तरी वाचकाचे टंकलेखन कोण दुरुस्त करणार?

स्वतः लिहिलेल्या स्रोताचा उपयोग येथे होतो. नोंद आहे तशी ठेवायची आणि तिच्या शेजारी, कोणालाही न दिसणारे, एक सैल रूप साठवायचे. आमच्या सैल रूपात दीर्घ वेलांट्या व उकार ऱ्हस्व होतात; ‘पण्डित’ मधला ण् आधी अनुस्वार होतो आणि मग सगळेच अनुस्वार गळतात. वाचकाने टंकलेल्या शब्दालाही तोच संस्कार करायचा, सैल रूपाची गाठ सैल रूपाशी घालायची आणि दाखवताना मूळ नोंद दाखवायची. ही युक्ती माझी नाही. जेक्वेरी यूआयच्या नमुन्यांतच, अक्षरांवर चिन्हे असलेली युरोपीय नावे साध्या अक्षरांनी शोधता यावीत म्हणून असा स्रोत लिहून दाखवला आहे. आपल्याकडे चिन्हे जास्त आणि त्यांचा इतिहासही जास्त गुंतागुंतीचा, इतकाच फरक.

सैलपणाची किंमत असते. ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात, ‘रंग’ आणि ‘रग’ एक होतात. म्हणून तंतोतंत जुळणाऱ्या नोंदी आधी आणि सैल जुळणाऱ्या नंतर लावायच्या. वाचकाला एखादे नाव जास्तीचे दिसले तर तो ते सोडून देतो. न दिसलेले नाव त्याला शोधून काढता येत नाही. एके ठिकाणी मात्र आम्ही सैलपणा नाकारला. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द एक करायचे नाहीत. विद्वान आणि स्वयंपाकी यांची सरमिसळ करणारी तालिका कोणाला हवी?

तो ‘ऱ्य’ स्वतःच एक प्रकरण आहे. तो दोन मार्गांनी टंकता येतो: खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आतले आकडे वेगळे. ‘ॲ’चेही तसेच. या अक्षराला स्वतःचा क्रमांक युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली मिळाला. त्याआधी लोक ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देत, आणि काही जण हिंदीच्या वळणाने ‘ए’वर. युनिकोडचे स्वतःचे प्रमाणीकरण सुटा ‘र’ आणि टिंब यांचा एक ‘ऱ’ करते, पण ‘अ’ आणि चंद्र यांचा ‘ॲ’ करत नाही, कारण त्यांच्या तक्त्यात ती दोन रूपे समान मानलेली नाहीत. तेव्हा हे आपल्या स्रोतातच लिहावे लागते. ‘ॲ’पासून सुरू होणारी सगळी पाश्चात्त्य नावे यावर अवलंबून आहेत.

आणखी दोन लहान गोष्टी. पहिली, किती चिन्हे टंकल्यावर विचारणा सुरू करायची हा आकडा. आमच्या चौकटीत तो तीन ठेवलेला होता. ‘घर’ दोन चिन्हांचे, म्हणून पूर्ण टंकूनही चौकट गप्प. ‘स्त्री’ हे एकच अक्षर, पण सहा चिन्हांचे, म्हणून ते टंकताच यादी हजर. आता आकडा दोन आहे. दुसरी गोष्ट जुळवणीच्या जागेची. तयार यादी दिली की चौकट शब्दाच्या पोटातही शोधते; ‘राम’ टाकावे तर ‘आराम’ आणि ‘विराम’ही येतात. शब्दाच्या सुरुवातीलाच जुळवावे म्हटले तर ब्राउझरच्या भाषेत शब्दाची हद्द ओळखणारे जे तयार चिन्ह आहे त्याला रोमन अक्षरेच कळतात, देवनागरी नव्हे. आम्ही शीर्षके सरळ मोकळ्या जागेवर तोडली.

मग क्रम. वाचकाचा वेळ वाचवा, असा एक नियम शि. रा. रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच नियमांत आहे, आणि यादीचा क्रम बिघडला की तोच मोडतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी बसवला आहे. केवळ क्रमांकांनी लावले तर ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’, ‘काशीकर’, ‘कासार’ या सगळ्यांच्या आधी येते. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, तेव्हा काळे शेवटी हवेत. सुदैवाने ब्राउझरांत मराठीचा वर्णक्रम उपलब्ध असतो. तुलना करताना भाषा मराठी आहे एवढे सांगावे लागते. न सांगितल्यास काय होईल ते ब्राउझर कोणत्या भाषेत लावलेला आहे त्यावर ठरते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांबाबत आमच्यात बराच वाद झाला. संस्कृत कोश चाळणारा ‘क्षीरसागर’ क मध्ये शोधतो, बालवाडीतला तक्ता डोळ्यांपुढे असलेला अगदी शेवटी. आम्ही तक्त्याची बाजू घेतली. समितीतल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांना ते अजून पटलेले नाही.

राहिला प्रश्न उत्तर न येण्याचा. स्रोत सर्व्हरला विचारतो आणि तालुक्याच्या गावी जोडणी मधूनच जाते. स्वतःचा स्रोत लिहिताना चौकट एक अट घालते: काहीही बिघडले तरी उत्तराच्या वाटेने काही ना काही परत पाठवायचे, नाहीतर ‘शोध चालू आहे’ ही खूण तशीच राहते. म्हणून बहुतेक जण बिघाड झाला की रिकामी यादी पाठवून देतात. चौकटीचे त्याने समाधान होते, वाचकाशी मात्र ती लबाडी ठरते. रिकामी यादी म्हणजे ‘असे पुस्तक नाही’. जोडणी तुटली असेल तर ‘आत्ता पाहता आले नाही, पुन्हा प्रयत्न करा’ अशी ओळ यादीच्या जागी गेली पाहिजे, आणि ती निवडता येता कामा नये.

खरोखरच काही सापडले नाही तर वाचकाचा शब्द, त्याचे नाव न ठेवता, एका वेगळ्या नोंदीत जातो. दर महिन्याला ग्रंथपालबाई ती नोंद वाचतात. काही शब्द निव्वळ हातचूक असतात, काही पुस्तके आमच्याकडे नसतातच. ती खरेदीच्या यादीत जातात. काही शब्द रोमन लिपीत असतात, कारण सुटीपुरते गावी आलेले किंवा परदेशातून पाहणारे लोक देवनागरी टंकत नाहीत. त्यांच्यासाठी आता सैल रूपाशेजारी एक रोमन रूपही साठवायला घेतले आहे. निर्लेखनाची यादी यापुढे या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय समितीपुढे ठेवली जात नाही. पहिल्याच वेळी ताडली तेव्हा त्या यादीतून एकोणीस पुस्तके परत कपाटात गेली.