जुन्या तांब्याच्या नळास नवा जोड

घरातील तांब्याच्या जुन्या नळास जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ जोडताना आटे जुळले म्हणजे काम संपले, असे पुष्कळांस वाटते. परंतु भिन्न धातू एकमेकांस भिडून त्यांना पाण्याचा संसर्ग झाला की सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो. त्यात जस्त व लोखंड झिजते, तांबे मात्र शाबूत राहते. इ. स. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ जहाजाच्या बुडास तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहतात तो पुष्कळ लोखंडी खिळे गंजलेले. मध्ये कागद राहिला होता तेथील मात्र धड!

म्हणून दोन धातूंमध्ये वीज न वाहू देणारा जोड घालावा. तांब्यातून आलेले पाणी पुढे लोखंडी नळात नेऊ नये; त्यात विरघळलेले तांबे आत बसून नळ पोखरते. नवा नळही तांब्याचाच असल्यास डाख शिसेविरहित असावा, कारण शिसे पाण्यात उतरते व बालकांच्या मेंदूस अपाय करते. जुन्या जोडांत शिसे असण्याचा संभव असतो. यास्तव रात्रभर नळात साचलेले पाणी सकाळी प्रथम वाहू द्यावे व मगच मुलांचा पेला भरावा, अशी पालकांस आमची विनंती आहे.