‘कमवा व शिका’ ते ‘इंटर्नशिप’

अलीकडे सूचनाफलकावर आणि प्राध्यापकांच्या बोलण्यात ‘इंटर्नशिप’ हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. कला शाखेचा विद्यार्थी तो वाचतो आणि ‘हे आपल्यासाठी नव्हेच’ असे म्हणून पुढे जातो. परंतु नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाला श्रेयांक दिले असल्याने असे पुढे जाणे आता परवडणारे नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. ‘को-ऑप’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूधसंघ नाही तर पतपेढी उभी राहते. विद्यापीठांच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. 1906 साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या 27 विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग आरंभला. एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात, असे आलटून पालटून. मजुरी कारखान्याने द्यायची, पदवी विद्यापीठाने. पुढे 1921 साली त्याच ओहायओ राज्यातील अँटिऑक कॉलेजने ही पद्धत कला शाखेच्या शिक्षणालाही लावली, हे आपण विशेष ध्यानात घ्यावे. इंटर्नशिप ही त्यामानाने छोटी गोष्ट. काही आठवड्यांची, बहुधा एकदाच करायची, आणि तीत पैसे मिळतीलच असे नाही.

आपल्याकडे हा विचार परका नाही. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातील मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर कुदळही दिली. 1947 साली साताऱ्यास त्यांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते ‘कमवा व शिका’ याच तत्त्वावर. ज्याच्या घरी फी भरायला पैसा नाही त्याने श्रम करावे व त्या श्रमावर शिकावे, असा तो सरळ हिशेब होता. पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आज कर्मवीरांच्याच नावाने चालते.

तथापि दोहोंत एक मूलभूत फरक आहे. कर्मवीरांच्या योजनेत आधी भाकरीचा प्रश्न सुटत होता. इंटर्नशिपमध्ये अनुभव मिळतो, भाकरीचे पाहून घ्या असे सांगितले जाते! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीसाठी चौथ्या सत्रानंतर 60 ते 120 तासांची इंटर्नशिप अपेक्षित आहे. 30 तासांना 1 श्रेयांक. 120 तास म्हणजे रोज चार तास धरले तरी महिना गेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मे महिन्याची सुट्टी म्हणजे आईबरोबर केटरिंगच्या कामाला जाण्याचे दिवस. त्या दिवसांत मुंबईला बिनपगारी जायचे तर रोजची मजुरी बुडते, वर लोकलचा पास, आणि पनवेल ते सीएसएमटी जाण्यायेण्यात अडीच तासांहून अधिक वेळ. ज्यांना हा हिशेब करावा लागत नाही त्यांच्यासाठी इंटर्नशिप सोपी आहे, हे स्पष्टच बोलायला हवे.

मग सरकारी योजना? 2024 साली राज्याने ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ सुरू केली. तीत बारावी उत्तीर्णास दरमहा 6,000 व पदवीधरास 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. त्याच वर्षी केंद्राची ‘पंतप्रधान इंटर्नशिप योजना’ दरमहा 5,000 रुपयांवर आली. मात्र दोन्ही योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी आखलेल्या नव्हत्या. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात विद्यावेतन बंधनकारक आहे आणि 2014 च्या दुरुस्तीने तो बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही खुला झाला. पण तो मुख्यतः पदवीनंतरचा मार्ग. थोडक्यात, शिकत असताना आपल्याला आपल्या गावातच दार शोधावे लागणार.

आणि दारे नाहीत असे नाही. पनवेल महानगरपालिका 2016 पासून आहे. तेथील इंग्रजी पत्रकांची सोपी मराठी करायला मराठीचा विद्यार्थी का चालू नये? कर्नाळा पक्षी अभयारण्यात येणाऱ्यांना माहिती सांगणे, तारा येथील युसुफ मेहेरअली सेंटरसारख्या संस्थेत ग्रामीण कामाच्या नोंदी ठेवणे, वासुदेव बळवंत फडक्यांच्या शिरढोणात वृद्धांकडून जुन्या आठवणी टिपून घेणे, ही कामे इतिहास-भूगोलवाल्यांना सहज जमतील. कोणी जाहिरात देईल याची वाट न पाहता विभागप्रमुखांचे पत्र घेऊन आपणच जावे. पत्रात काम, तास आणि देखरेख करणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. प्रवासखर्च मिळेल का, हे विचारताना लाजू नये. रोज काय केले याची वही ठेवावी व आठवड्यास सही घ्यावी. श्रेयांक मागताना तीच कामी येते.

एक सावधगिरी. प्रमाणपत्रासाठी उलट आपल्याकडेच पैसे मागणारे भेटतात. आमच्या वर्गातील एका मैत्रिणीकडे असे पैसे मागितले गेले, तिने ते दिले नाहीत. तेथे काम नव्हतेच, नुसता कागद होता.

ज्यांचे काका-मामा कचेरीत आहेत त्यांना पत्र लागत नाही. बाकीच्यांची ओळख म्हणजे महाविद्यालयाचा शिक्का. म्हणून गुरुजनांना विनंती, की प्रत्येक विभागात एक नोंदवही असावी : कोणत्या संस्थेने कोणाला घेतले, काय शिकवले, किती दिले. पुढच्या वर्षीच्या मुलींना ती ग्रंथालयात पाहायला मिळाली तरी निम्मी पायपीट वाचेल.