पाठीवर नाव असलेली कॅसेट

जपानमधल्या जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानात कॅसेट हातात घेतली की ती उलटून पाहावी. मागच्या बाजूला पुष्कळदा मार्करने, लहान मुलाच्या अक्षरात, नाव लिहिलेले असते. कधी पूर्ण नाव, कधी नुसते आडनाव, कधी सोबत इयत्ता आणि तुकडी. 1980 च्या दशकात मुले कॅसेटी एकमेकांना वापरायला देत. दिलेली वस्तू परत यावी म्हणून आपण भांड्यांवर नाव घालतो, तसे हे नाव. बाजारात अशा कॅसेटीची किंमत पडते. पण एका जपानी संग्राहकाने नेमक्या अशाच कॅसेटी गोळा करायला घेतल्या, त्यांचे संग्रहालय मांडले आणि सांगितले, मूळ मालक सापडला तर कॅसेट त्याला परत करायची. जुने खेळ जमवण्याच्या छंदाबद्दल जे काही मी वाचले, त्यात मला सर्वांत जवळची वाटली ती हीच गोष्ट. कारण इथे संग्राहक मालक म्हणून उभा नाही, राखणदार म्हणून उभा आहे.

‘कॅसेट’ हा शब्द जपानी मुलांचाच. 15 जुलै 1983 रोजी निन्तेन्दो कंपनीने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. किंमत 14,800 येन. घरोघरी त्याचे नाव झाले ‘फामिकोन’. यंत्राचे रचनाकार मासायुकी उएमुरा यांनी खेळाची डबी गाण्यांच्या कॅसेटीएवढी ठेवली आणि नावही तेच रुळले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडले जाणारे जे ‘व्हिडिओ गेम’ आले, त्यांतले बरेचसे याच फामिकोनच्या नकला होते, तेच साठ पिनांचे तोंड असलेले. त्यामुळे ‘कॅसेट चालत नाही, फुंकर मार’ हे वाक्य क्योतोच्या मुलाचे जितके, तितकेच साताऱ्याच्याही. त्या फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात, हे दोघांनाही फार उशिरा कळले.

जपानमध्ये 1 कोटी 90 लाखांहून अधिक फामिकोन विकले गेले. एवढी मुबलक वस्तू दुर्मीळ कशी होते? आधी तिचे बारीक फरक दुर्मीळ होतात. सुरुवातीच्या यंत्रांची बटणे चौकोनी आणि रबरी होती. ती दाबली की कडेला अडकून बसत, म्हणून कंपनीने ती गोल आणि कडक केली. आज ती अडकणारी चौकोनी बटणेच शोधली जातात. मग प्लास्टिक पिवळे पडते. कंट्रोलरच्या वायरी यंत्रातच कायमच्या जोडलेल्या, त्यामुळे एक वायर तुटली की दुरुस्तीसाठी सगळे यंत्र उघडावे लागते. निन्तेन्दोने 2003 मध्ये उत्पादन थांबवले आणि 2007 च्या ऑक्टोबरअखेर, सुटे भाग मिळेनासे झाल्यावर, दुरुस्तीही बंद केली. चोवीस वर्षे एखादी कंपनी स्वतःचे खेळणे दुरुस्त करून देत होती, याचे मला आजही अप्रूप वाटते.

खरा ठेवा मात्र प्लास्टिकच्या आत आहे. 1986 मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. थांबायचे असेल तर पडद्यावर वीस जपानी अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ येई. तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत लांबला. जपानी लिपीतली ‘ने’, ‘रे’ आणि ‘वा’ ही अक्षरे दिसायला सख्ख्या बहिणी; ‘बा’ आणि ‘पा’ यांच्यात फरक काय, तर दोन बारीक रेघा की एक इवलेसे वर्तुळ. त्या काळच्या धूसर टीव्हीवर एक खूण चुकली की आठवडाभराची वाटचाल गेली. त्या पिढीच्या जपानी माणसाशी या खेळाचा विषय काढला, तर राक्षसांच्या आधी तो चुकलेल्या मंत्राची गोष्ट सांगतो. 1988 च्या तिसऱ्या भागात कॅसेटीतच खेळाची नोंद जपणारी बॅटरी आली, वह्या संपल्या. त्या बॅटरीकडे शेवटी येतो.

हे सगळे टिकले ते जुन्या वस्तूंच्या दुकानांमुळे, आणि त्या दुकानांना एकदा न्यायालयातून तावून सुलाखून निघावे लागले. वापरलेले खेळ पुन्हा विकणे हा आमच्या हक्काचा भंग आहे, असे खेळ काढणाऱ्या कंपन्यांचे म्हणणे होते. 25 एप्रिल 2002 रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. वस्तू एकदा रीतसर विकली गेली की तिच्या पुढच्या विक्रीवर कंपनीचा अधिकार उरत नाही, असे न्यायालयाने ठरवले. निकाल उलटा गेला असता, तर तोक्योच्या अकिहाबारातले ‘सुपर पोटॅटो’सारखे दुकान आज ज्या रूपात आहे, तसे राहिले असते का? तोक्योतल्याच नाकानो ब्रॉडवे या 1966 च्या इमारतीत मासुझो फुरुकावा या चित्रकथाकाराने 1980 मध्ये जुन्या चित्रकथांचे छोटे दुकान थाटले. त्याचेच पुढे ‘मांदाराके’ झाले. तिथे खोक्याची कड, आतली माहितीपुस्तिका, आधीच्या मालकाचे डाग, सगळे चिठ्ठीवर प्रामाणिकपणे लिहिलेले असते. ‘हार्ड ऑफ’ या जुन्या वस्तूंच्या दुकानसाखळीच्या शाखांमध्ये ‘जंक’ विभाग असतो. चालेल याची हमी नाही, परत घेणार नाही, पण भाव अगदी कमी. जाणकार आधी तिकडेच वळतो.

आणि मग गेमसेंटर, जपानी बोलीत ‘गेसेन’. इथला हिशेब वेगळा आहे. ‘स्पेस इनव्हेडर्स’ने 1978 मध्ये देशाला शंभर येनच्या नाण्याची सवय लावली आणि ते नाणे तिथेच अडकले. विक्रीकर 1989 मध्ये 3 टक्के होता, 2019 मध्ये 10 टक्के झाला. वीज आणि भाडे वाढले, पण एका खेळाचे शंभर येन वाढवायला फारसे कोणी धजेना. 1986 मध्ये सुमारे 26 हजार असलेली गेसेन 2019 पर्यंत 4 हजारांच्या आसपास उरली. उरलेली तगली ती बव्हंशी बक्षीस देणाऱ्या पंजाच्या यंत्रांवर. सेगा कंपनीचे ‘यूएफओ कॅचर’ 1985 चे. गेमसेंटरना कडक नियमांखाली आणणारा सुधारित कायदाही त्याच वर्षी लागू झाला. तो खेळाच्या निकालावर बक्षीस द्यायला मनाई करतो. पंजाच्या यंत्राला सवलत आहे ती बक्षीस स्वस्त असेल तरच. ही मर्यादा 800 येन होती, 2022 मध्ये 1,000 झाली. म्हणून यंत्रातल्या बाहुल्या खास यंत्रासाठीच बनतात आणि त्यांच्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असे छापलेले असते. त्याच बाहुल्या पुढे जुन्या वस्तूंच्या दुकानात भाव लावून मांडलेल्या दिसतात.

पंजाची पकड किती घट्ट ठेवायची, हे चालकाच्या हातात असते. काही यंत्रांत ठरावीक रक्कम जमा होईपर्यंत पंजा ढिलाच राहतो. यात मुलांची फसवणूक होते, हा आक्षेप मला खरा वाटतो. पण दोन दांड्यांवर आडवे ठेवलेले खोके एका टोकाने उचलून, फिरवून, इंच इंच सरकवत पाडणारा खेळाडू पाहिला की हे निव्वळ नशीब नव्हे, हेही पटते. खोके फारच अडकले तर तिथल्या कर्मचाऱ्याला बोलवावे. तो काच उघडून ते पुन्हा नीट मांडून देतो आणि कुठे धरावे तेही सांगतो.

आज गेसेनच्या उत्पन्नात निम्म्याहून अधिक वाटा या बक्षिसयंत्रांचा आहे. खालच्या मजल्यावरच्या मऊ बाहुल्या वरच्या मजल्यावरच्या जुन्या यंत्रांचे भाडे भरतात. तेही सगळीकडे पुरले नाही. कोरोनाच्या काळात सेगाने आपल्या गेमसेंटरच्या धंद्यातून अंग काढून घेतले. सप्टेंबर 2021 मध्ये तोक्योच्या इकेबुकुरोतले सेगाच्या नावाचे मोठे केंद्र बंद झाले, तेव्हा बाहेर रस्त्यावर गर्दी जमली होती.

जुन्या खेळांच्या राखणीचे काम सगळ्यांत कठीण आहे ते संगणकाच्या जुन्या फ्लॉपींचे. जपानच्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते. तोक्योतली खेळ जतन करणारी संस्था 2011 पासून त्या साफ करून त्यांतली माहिती उतरवून घेते आहे. खुद्द उएमुरांनी कंपनी सोडल्यावर क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात खेळांच्या अभ्यासाचे केंद्र सांभाळले. 2021 मध्ये ते गेले. उजी शहरात निन्तेन्दोचे संग्रहालय ऑक्टोबर 2024 मध्ये उघडले, तेही कंपनीच्या जुन्या कारखान्यात. तिथे पूर्वी पत्ते बनत आणि लोकांनी पाठवलेली नादुरुस्त यंत्रे दुरुस्त होत.

आता ती बॅटरी. कॅसेटीतली नाण्याएवढी बॅटरी एक ना एक दिवस संपतेच. ती बदलायची तर झाळलेला सांधा उकलावा लागतो, आणि वीज क्षणभर तुटली की आतली नोंद पुसली जाते. नवा खेळ सुरू करणाऱ्याला तसा काही फरक पडत नाही. पण काही दुरुस्ती करणारे आधी कॅसेट यंत्रात लावून पाहतात. आत कुणाची तरी अर्धवट वाटचाल असते, नायकाला दिलेले नाव असते, आणि पुष्कळदा ते नाव पाठीवर मार्करने लिहिलेलेच असते. तेव्हा ते बाहेरून दुसरी वीज जोडतात, तिच्या आधाराने जुनी बॅटरी काढतात, नवी बसवतात, आणि मगच जोडलेली तार सोडवतात.