गेरूतला लपलेला चुंबक

पोळ्याला आपण बैलांच्या अंगावर गेरूचे ठप्पे उठवतो. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या चित्रांतही गेरू आहे. गेरूच्या पोटात लोह असते. तरी त्याला लोहचुंबक लावून पाहा. खडा सहसा चिकटत नाही. असे का बरे?

गेरूतला लोहाचा एकेक अणू म्हणजे इवलासा चुंबकच. पण एका थरातल्या अणूंचे तोंड समजा पूर्वेला, तर शेजारच्या थराचे पश्चिमेला! दोन बैल उलट दिशांना ओढू लागले, तर गाडी हलेल काय? म्हणून बैल काही दुबळे ठरत नाहीत. अशा पदार्थांना प्रतिलोहचुंबकी म्हणतात. त्यांचे कोडे उलगडणारे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रोमियम आणि आयोडीन यांच्या संयुगाचे अतिशय पातळ असे दोनच थर घेतले, तरी त्यांची तोंडे अशीच परस्परविरुद्ध असतात, हे २०१७ साली दिसले. पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञांनी ते चुंबकीय क्षेत्रात ठेवून नुसता विजेचा दाब बदलला; तोंडे एका दिशेला वळली आणि पुन्हा उलटही झाली. एक स्थिती म्हणजे ‘होय’, दुसरी म्हणजे ‘नाही’. संगणकाची स्मृती एवढ्यावरच चालते. शिवाय प्रतिलोहचुंबकाला बाहेरचा चुंबक सहज बिघडवत नाही.

अडचण एकच. हा खेळ शून्याखाली दोनशे अंशांहून अधिक थंडीतच चालतो. नेहमीच्या हवेत तो साधणारा पदार्थ शोधणे, हे आजच्या विद्यार्थ्यांपुढचे काम आहे. गुरुजींनी वर्गात गेरू आणि चुंबक जरूर न्यावा.